सॉकेटात बसलं म्हणजे चाललं असं नव्हे

मी डीटीपी करते. सांगलीत मारुती चौकाजवळ आमचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, फ्लेक्सची डिझाइनं, असलं काम. तीन मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आहेत आणि तिन्ही मीच उघडते, मीच जोडते. शिकले कॉमर्स. हे मदरबोर्ड-प्रोसेसरचं प्रकरण शिकायची वेळ आली ती २०१९ च्या पुरामुळे.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. मशीन टेबलावर चढवून आम्ही घरी गेलो होतो, पाणी टेबलाच्याही वर गेलं. सप्टेंबर असाच साफसफाईत गेला. मग विधानसभेची निवडणूक लागली, २१ ऑक्टोबरला मतदान, म्हणजे आमचा सीझन. घाईघाईत एका दुकानातून बी४५० चिपसेटचा, म्हणजे बी४५० ही मुख्य चिप असलेला, बोर्ड आणि एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणला. जोडला. पंखा फिरतोय, लाइट लागतेय, डिस्प्ले नाही. रॅम काढली, खोडरबराने घासली, परत लावली. डिस्प्ले नाहीच. दुकानदार म्हणाला, बोर्ड ओके आहे, प्रोसेसरही ओके आहे. आणि खरंच दोन्ही ओके होते! बी४५० बाजारात आला २०१८ मध्ये, ३६०० आला जुलै २०१९ मध्ये. माझा बोर्ड जुन्या स्टॉकमधला होता. त्याच्या बायॉसला, म्हणजे मशीन चालू होताना बोर्डावर सगळ्यात आधी धावणाऱ्या प्रोग्रामला, हा प्रोसेसर माहीतच नव्हता. त्या काळात नव्या बायॉसच्या बोर्डांच्या खोक्यावर 'रायझन ३००० रेडी' असं स्टिकर असायचं. माझ्या खोक्यावर नव्हतं, आणि असं काही बघायचं असतं हेही मला माहीत नव्हतं.

शेवटी मिरजेच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरने आपल्या मशीनमधला रायझन ५ २६०० अर्ध्या तासासाठी काढून दिला. तो बसवला, लगेच डिस्प्ले आला, बायॉस नवा टाकला, त्याचा प्रोसेसर त्याला परत, माझा बसवला, चालू. पाच दिवस आणि दोन उमेदवारांची कामं गेली.

तेव्हापासून पैसे मोजण्याआधी मी काय काय बघते ते लिहिते. उदाहरण म्हणून माझंच तिसरं मशीन घेते. इंटेलचा आय५-७४०० प्रोसेसर, एच११० चा बोर्ड, डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. काहीतरी बदलणं भाग होतं.

आधी बोर्डाचं पूर्ण नाव. आमच्याकडे अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतात, त्यामुळे कुणी फोनवर सांगितलं की "सीपीयू आय५ आहे", तर त्यातून बोर्डाबद्दल काहीच कळत नाही. 'एच११०' हेसुद्धा बोर्डाचं नाव नव्हे, ते चिपसेटचं नाव. एकाच कंपनीचे एच११० चे दहा बोर्ड असतात आणि नावाच्या शेपटीतलं एक अक्षर बदललं की वस्तू बदलते. काही एच११० बोर्ड तर डीडीआर३ रॅमचे आहेत. मशीन चालू असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, रनच्या चौकटीत एमएसइन्फो३२ हे इंग्रजीत सलग टाइप करा. उघडलेल्या यादीत 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' म्हणजे बोर्डाचं मॉडेल. तिथेच 'बायॉस व्हर्जन/डेट' ही ओळ आहे, तीही आत्ताच लिहून ठेवा. मशीन बंद पडलं असेल तर डबा उघडा, टॉर्च लावून बोर्डाचा फोटो काढा. नाव बहुधा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. आणि काही बोर्डांच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत 'रेव्ह १.०' किंवा 'रेव्ह २.०' असतं. ते सोडू नका. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनच्या प्रोसेसर-याद्या वेगळ्या असू शकतात आणि बायॉसची फाइलही वेगळी असते.

मग सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. इथेच बहुतेकजण थांबतात आणि फसतात.

माझा भाचा म्हणाला, "मावशी, एवढं कशाला? तुझा सॉकेट ११५१ आहे, आय५-८४०० पण ११५१ चाच आहे आणि आठवी पिढी विंडोज ११ ला चालते. सेकंडहँड घेऊ, बसवू." ऐकायला बिनतोड. प्रोसेसर त्या सॉकेटात बसतोही. पण सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० सिरीजच्या चिपसेटवर चालते, आठवी-नववी ३०० सिरीजच्या. पिना तेवढ्याच ११५१, पण त्यातल्या काहींचं काम बदललेलं. एच११० वर ८४०० बसवून डिस्प्ले येणार नाही.

दुसरी तशीच जागा म्हणजे सॉकेट १२००. दहावी आणि अकरावी पिढी दोन्ही त्यातच. माझ्या दुसऱ्या मशीनमध्ये एच४१० बोर्ड आणि आय३-१०१०० आहे. त्यात आय५-११४०० टाकावा असा माझा विचार होता. पण एच४१० आणि बी४६० हे चिपसेट मुळात अकराव्या पिढीसाठी नाहीत. तिला एच५१०, बी५६०, किंवा जुन्यांपैकी एच४७०, झेड४९० लागतो. उलट बाजूनेही एक गंमत आहे. बी५६० बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर चालतो, पण प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ चा स्लॉट बंद राहतो. लोक एसएसडी त्याच स्लॉटात लावतात आणि खराब निघाली म्हणून परत घेऊन जातात.

एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ पासूनचा. त्यावर इतक्या पिढ्या आल्या की 'एएम४ आहे ना, चालेल' हे वाक्य मी तरी ऐकून सोडून देते. बी५५० नवा म्हणून सगळं चालेल असं वाटतं, पण रायझन १००० आणि २००० सिरीज त्याच्या यादीत नाहीत. आणि बी४५० जुना असून रायझन ५००० चालवतो, बायॉस नवा असेल तर. म्हणजे नुसतं नवं-जुनं बघूनही भागत नाही. एएम५ आला २०२२ मध्ये, इंटेलचा १८५१ आला २०२४ मध्ये. या दोन्हींवर फक्त डीडीआर५.

म्हणून खरा निकाल एकाच ठिकाणी लागतो: बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर, त्या बोर्डाच्या पानावर, सपोर्टमध्ये 'सीपीयू सपोर्ट' नावाची यादी असते तिथे. यूट्यूबवाला काय म्हणतो, विक्रीच्या साइटवरच्या वर्णनात काय लिहिलंय, ते मी धरत नाही. यादीत प्रोसेसरचं नाव शोधा, शेपटीच्या अक्षरासकट. मग त्याच ओळीत उजवीकडे बघा. एका रकान्यात लिहिलेलं असतं की हा प्रोसेसर कोणत्या बायॉसपासून चालतो. २०१९ मध्ये माझ्या बोर्डाच्या यादीत ३६०० चं नाव होतंच. रकाना मी वाचला नव्हता, आणि अर्थ त्या रकान्यातच होता.

आता तो आकडा आणि तुमच्या बोर्डातला बायॉस ताडून बघा. तुमचा नवा असेल किंवा तेवढाच असेल तर प्रश्न मिटला. जुना असेल तर जुना प्रोसेसर काढण्याआधी बायॉस अपडेट करा. जुना काढून ठेवला, नवा बसवला आणि मग आठवलं, तर माझ्यासारखं मिरजेला जावं लागेल. नवा बोर्ड घेत असाल तर दुकानदाराला सरळ सांगा की बायॉस टाकून, डिस्प्ले दाखवून द्या. चांगले दुकानदार देतात. काही बोर्डांवर मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्याने प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायॉस टाकता येतो. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा हवा आणि फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच ठेवावं लागतं, नाहीतर बोर्ड ती ओळखत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. बायॉस टाकताना मशीन यूपीएसवर हवं. आमच्याकडे वीज सांगून जात नाही, आणि मध्येच गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. दुसरं, सगळ्यात नवा बायॉस दिसला की डोळे झाकून टाकू नका, त्याखालची टीप वाचा. काही एएम४ बोर्डांवर बायॉसच्या चिपमध्ये जागा कमी असल्याने नव्या प्रोसेसरांसाठी जुन्यांचा सपोर्ट काढून टाकलेला असतो. तुमचा सध्याचा प्रोसेसर त्यात गेला तर टाकल्यावर डिस्प्ले जाईल. नवा प्रोसेसर हातात असल्याशिवाय असला बायॉस टाकायचा नाही.

यादीत नाव आहे म्हणजे दमही आहे, असंही नाही. एच६१० च्या साध्यातल्या साध्या बोर्डाच्या यादीतही आय९ सापडतो. पण प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर पत्र्याचा हीटसिंकसुद्धा नसलेल्या बोर्डावर तो लावलात, तर तापून वेग कमी करत बसेल.

आता रॅम. यात मी सगळ्यात जास्त लोकांचे पैसे गेलेले बघितलेत.

डीडीआर३, ४, ५ एकमेकांच्या स्लॉटात जात नाहीत. ४ आणि ५ दोन्हींना २८८ पिना आहेत, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टी उलटी आहे किंवा चुकीची आहे. बारावी ते चौदावी पिढी, म्हणजे सॉकेट १७००, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींवर चालते, पण बोर्ड सहसा एकाचाच असतो. एच६१० डीडीआर४ चाही मिळतो, डीडीआर५ चाही. बऱ्याचदा नावाच्या शेवटी 'डी४' किंवा 'डीडीआर४' असतं. नसेल तर स्पेसिफिकेशनचं पान उघडून बघा, अंदाज करू नका.

मग पट्टीवरचं लेबल. माझ्या पट्टीवर आहे ते उच्चारून लिहिते: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२-११. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २४०० हा वेग. १आर म्हणजे एक रँक, पट्टीवरच्या चिपांचा एक गट. आणि वेगानंतरच्या डॅशपुढचं अक्षर, इथे यू, हे सगळ्यात महत्त्वाचं. यू म्हणजे साधी डेस्कटॉपची रॅम. तिथे एस असेल तर ती लॅपटॉपची छोटी पट्टी. आर असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम, आणि ती आपल्या बोर्डावर चालत नाही. त्याच फोटोग्राफरने १६ जीबीच्या चार पट्ट्या निम्म्या भावात ऑनलाइन घेतल्या आणि खुशीत मला दाखवायला आणल्या. डीडीआर४ च होत्या, खाचेत छान बसल्या. डिस्प्ले नाही. लेबलवर आरए१. पट्टीच्या मधोमध एक वेगळी छोटी चिप होती, तीच ती रजिस्टर. विकणाऱ्याने 'डीडीआर४ सर्व्हर/डेस्कटॉप' असं लिहिलं होतं, त्यातला 'डेस्कटॉप' कशाच्या जोरावर ते त्यालाच ठाऊक.

वेगाबद्दल लोक उगाच घाबरतात. ३२०० ची रॅम २६६६ च्या बोर्डावर चालते, फक्त २६६६ ने. माझ्या एच४१० आणि आय३-१०१०० वर ३२०० ची पट्टी आहे, ती २६६६ नेच धावते आणि धावणार, त्या प्रोसेसर-चिपसेटच्या जोडीवर त्याहून वर जायची सोय नाही. जास्तीच्या वेगाचे पैसे तिथे वाया. बी४५० वर मात्र एक्सएमपी नावाचा पर्याय बायॉसमध्ये सुरू करावा लागतो, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रेंगाळत राहते. कित्येकांची वर्षानुवर्षं रेंगाळतेय. एएम५ वर याचंच नाव एक्सपो.

पट्ट्या किती, याला मात्र महत्त्व आहे. चार स्लॉट आहेत म्हणून चार भरल्या की वेग खाली येऊ शकतो. रायझन ७००० वर दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. म्हणून ३२ जीबी हवी असेल तर ८ च्या चार घेण्यापेक्षा १६ च्या दोन घ्या. दोन लावताना चार स्लॉटच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. जुन्या बोर्डावर एका स्लॉटला जास्तीत जास्त किती जीबी चालते तेही बघा. एच११० च्या जमान्यात ते १६ असायचं. कंपनीच्या पानावर मेमरीचीही एक तपासलेली यादी असते. तिच्यात तुमची पट्टी नसली म्हणजे चालणार नाही असं नाही, त्यांनी ती लावून बघितली नाही एवढंच. डीडीआर५ घेताना मी ती यादी बघते, डीडीआर४ ला फारशी नाही.

तर माझ्या मशीनचं काय केलं. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की नवी डीडीआर५ घ्यायचा विचारच सोडला. जुन्या मशीनमध्ये १६ जीबी डीडीआर४ होती, तीच धरून बाकीचं ठरवलं: एच६१० चा डीडीआर४ बोर्ड आणि आय३-१२१००. बारावी पिढी घेतली कारण एच६१० बोर्डाचा अगदी पहिला बायॉसही ती ओळखतो, चौदावी घेतली असती तर परत तोच २०१९ चा प्रश्न. दुकानदार १२१००एफ स्वस्तात देत होता. नाही घेतला. एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, आणि माझ्याकडे वेगळं कार्ड नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआय दिसतं, वायर लावतो, डिस्प्ले येत नाही. एएमडीतही तसंच, ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, ५६०० मध्ये नाही.

कूलरही बघा. जुन्या ११५१ च्या कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर, सॉकेट १७०० चं ७८. तीन मिलिमीटरचाच फरक, पण पाय बसत नाहीत. म्हणून ट्रे पीस न घेता बॉक्स पीस घेतला, त्यात कूलर येतो.

बोर्ड सेकंडहँड घेत असाल तर इंटेलच्या सॉकेटात टॉर्च मारून तिरकं बघा. पिना बोर्डात असतात, एखादी वाकलेली असेल तर चमक वेगळी दिसते. अशा एका पिनेमुळे रॅमचे दोन स्लॉट मुके असलेला बोर्ड मी बघितलाय, मालक बिचारा रॅम बदलत बसला होता. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. तिथे कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर चिकटून सॉकेटातून उपटून येतो. मिरजेच्या त्या २६०० चं तसंच झालं होतं, पिना थोडक्यात वाचल्या. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवायचा, मग उचलायचा. ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड मशीनच्या बोर्डांना यातलं बरंच लागू होत नाही. त्यांची प्रोसेसरची यादी सहसा मिळत नाही आणि पॉवर सप्लायचा प्लगही अनेकदा वेगळाच असतो. तिथे त्याच मॉडेलमध्ये कंपनीने विकलेला प्रोसेसर सोडून दुसरा काही मी बसवत नाही.

जोडून झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना दोन पट्ट्या एकदम लावल्या नाहीत, एकच लावली. डिस्प्ले आला नाही तर संशयित कमी असलेले बरे. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे छोटे दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते बघायचं. डीरॅमवर अडकलं तर पट्टी परत दाबून बसवा, दोन्ही बाजूंना 'टक' आवाज यायला हवा. डीडीआर५ असेल तर थांबा. एएम५ वर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची जुळवणी करत काही मिनिटं काळ्या पडद्यावर बसून राहतो, आणि घाबरून पॉवर बंद केली की पुन्हा पहिल्यापासून.

माझा डिस्प्ले लगेच आला. मग दुसरी पट्टी लावली, १६ जीबी, २४००. जुनी डिस्क मात्र चालू झाली नाही, कारण तिच्यावरचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं होतं आणि नव्या प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर ते बूट होत नाही. डेटा आधीच काढून ठेवला होता, म्हणून विंडोज ११ नव्याने टाकलं.

एच११० बोर्ड आणि आय५-७४०० भाच्याने नेला. जाताना विचारत होता, यातली रॅम कुठेय?